मानेचे टकले

माझ्या थोरल्या जाऊबाईंना गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. "बोल्टवाल्या काकू" म्हटलं की शेंबडं पोरही दुकानाकडे बोट दाखवायचं. दुकान नटबोल्टांचं. रुंदीला कमी, खोलीला जास्त. आत शिरलं की नाकात आधी तेलाचा वास आणि मग लोखंडाचा. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या मालाचा एक नमुना तारेनं बांधून टांगलेला. सगळ्यात मागं, भिंतीला लागून गल्ला आणि त्याच्यामागं हातांची खुर्ची. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात भावजींनी मिसळलेल्या बोल्टांची पाटी त्यांच्यापुढं सरकवली होती, "बस निवडत" म्हणून. माहेरी तांदूळ निवडत होत्या, सासरी बोल्ट निवडायला लागल्या. "तांदळात खडे असतात, इथं सगळेच खडे," म्हणायच्या.

गोल डोक्याच्या बोल्टाला दुकानात टकल्या म्हणत. गिऱ्हाईक विचारायचं, "काकू, टकले आहेत का?" जाऊबाई हळूच भावजींकडे पाहायच्या. भावजींच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. "एक आहे, पण तो विकायचा नाही. दुसरे देऊ?" विनोद वर्षानुवर्षं तोच आणि भावजींचं हसणंही तेच.

पण टकल्यांत दोन जाती. एक मानेचा. त्याच्या डोक्याखाली चौकोनी मान असते. लाकडाला भोक पाडून ठोकला की ती मान लाकडात रुतते, मग मागून नट कितीही आवळा, बोल्ट जागचा हलत नाही. बाहेर फक्त गुळगुळीत डोकं. त्याला पाना लागत नाही, पदर अडकत नाही, चोराच्या हाती काही येत नाही. म्हणून दारांना, बाकांना, पोरांच्या खेळण्यांना तो. दुसरा बिनमानेचा, डोक्यावर चावीसाठी खाच असलेला. तो लोखंडाला लोखंड जोडायला. एका हातानं चावी घालून डोकं धरायचं, दुसऱ्या हातानं नट आवळायचा. वरून पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ. म्हणून टकले देण्याआधी जाऊबाई विचारायच्याच, "लाकूड की लोखंड?"

एखादा घाईतला सुतार वैतागायचा. "काकू, बोल्ट देताय की स्थळ बघताय?"

"स्थळच म्हण. जोडी जुळली नाही की शिव्या मध्यस्थाला."

भावजी गेले आणि दुकान पुतण्याच्या, म्हणजे जाऊबाईंच्या मुलाच्या, हातात आलं. मुलगा कष्टाळू, निर्व्यसनी, पण अंगात घाई फार. भाताला वाफ धरेपर्यंतही त्याला दम निघायचा नाही. त्याचं लग्न झालं, सून आली. हिशेबाला पक्की, बोलायला गोड, हाताला चपळ. बाळ झाल्यावर काही महिने सासू-सुनेचं इतकं छान जमलं होतं की मला हेवा वाटायचा. बाळाला झोपवता झोपवता सुनेनं एकदा जाऊबाईंना सांगितलं होतं, ती लहान असताना तिचे वडील घर सोडून गेले, आईनं एकटीनं वाढवलं. ही गोष्ट तिनं नवऱ्याखेरीज कुणाला सांगितली नव्हती. जाऊबाईंनी मला सांगितली, आणि "कुठं बोलू नकोस" हेही सांगितलं.

मग एक दिवस पुतण्या म्हणाला, "आई, आता तू आराम कर." आराम कर म्हणजे खुर्ची सोड. जाऊबाईंनी सोडली. गल्ल्यामागं सून बसायला लागली, पायाशी टोपलीत बाळ.

माळ्याची कल्पना पुतण्याची. माल वाढला होता, ठेवायला जागा नव्हती. गल्ल्याच्या वर, मागच्या कोपऱ्यात, लोखंडी पट्ट्या जोडून माळा घालायचा. वेल्डिंगवाला आज येतो, उद्या येतो म्हणून झुलवत होता, आणि मालाची गाडी तर येऊ घातलेली. पुतण्या म्हणाला, बोल्टांचं दुकान आपलं, वेल्डिंग हवंय कुणाला? मागच्या अंगणात पट्ट्या कापता कापता त्यानं दुकानात फोन केला, "टकले पाठव." सुनेनं हाताशी होते ते टकले पाठवले. मानेचे. लाकूड की लोखंड, हे तिनं विचारलं नाही. ती विचारायची गोष्ट आहे हेच तिला कुणी शिकवलं नव्हतं.

लोखंडाच्या गोल भोकात चौकोनी मान बसेना. परत फोन करायचा, बदलून घ्यायचे, एवढंच काम. पण घाई. त्यानं ड्रिल लावून भोकं मोठी केली आणि बोल्ट आत सारले. "टकल्या तो टकल्या," म्हणाला असेल. त्याचं वाक्यच आहे ते.

माळा उभा राहिला त्या आठवड्यात जाऊबाई डबा घेऊन दुकानात गेल्या. मीही बरोबर होते, मला कपाटाच्या बिजागरीला स्क्रू हवे होते. माळ्यावर खिळ्यांची खोकी, साखळ्यांची वेटोळी, बोल्टांची पोती अशी शिगोशीग चढलेली. पुतण्या शिडीवर होता. खाली खुर्चीत सून, टोपलीत बाळ झोपलेलं. जाऊबाईंनी डबा ठेवला, वर पाहिलं आणि सवयीनं कोपऱ्यातल्या एका बोल्टाच्या डोक्यावर अंगठा दाबून फिरवला.

डोकं फिरलं.

"अरे, डोकं फिरतंय," जाऊबाई म्हणाल्या.

"कुणाचं?" पुतण्यानं शिडीवरून विचारलं. दुकानात एक प्लंबर उभा होता, तो खो खो हसला. पुतण्याही हसला.

"थट्टा नाही. मानेचे लावलेत तू. लोखंडात मान धरत नाही. हे तुला कुणी दिले?"

कुणी दिले, या दोन शब्दांनी घात केला. सुनेनं मान वर केली. "मी दिले, आई. टकले मागितले, टकले दिले. तुमच्या दुकानात कोड्यात बोलतात हे मला कुठं ठाऊक?"

"तुला नाही गं म्हणत."

"मग कुणाला? दुकानात मी एकटीच तर असते."

संध्याकाळी मला दोघींचे फोन. सून म्हणाली, "काकू, आईंना माळा खुपत नाही, मी खुपतेय. त्यांची खुर्ची गेली ना." जाऊबाई म्हणाल्या, "ते पोर बरोबर त्या कोपऱ्याखाली निजतं गं." मी दोघींना हो म्हटलं. खरं सांगायचं तर दोघींचंही खरं होतं. खुर्ची जाऊबाईंना खुपत होतीच. डबा द्यायच्या निमित्तानं त्या रोज जायच्या आणि खुर्चीच्या हातावर हात फिरवून यायच्या.

प्लंबरनं मात्र चहाच्या टपरीवर किस्सा रंगवून सांगितला. आठवड्याभरात गल्लीत झालं, बोल्टवाल्या काकूंचं डोकं फिरलंय.

त्यानंतर जाऊबाईंना एकेक दिसायला लागलं. सकाळी गल्ल्याच्या काचेवर काळपट, तांबूस भुकटी पडलेली असायची. सून ती फडक्यानं पुसून टाकायची, उंदीर वर काहीतरी कुरतडतात म्हणून. "उंदीर लोखंड कधीपासून खायला लागले?" जाऊबाई विचारायच्या. रस्त्यावरून ट्रक गेला की माळ्यातून एक बारीक आवाज यायचा, टक्. बोट मोडावं तसा. मीही ऐकला. एकदा ऐकला की मग दुकानात दुसरं काही ऐकूच येत नसे. गिऱ्हाईक बोलत असायचं आणि माझं लक्ष वर.

एका दुपारी पुतण्या बाहेर गेलेला पाहून जाऊबाई स्टुलावर चढल्या आणि पाना घेऊन नट आवळायला लागल्या. नट फिरला तसा बोल्टही फिरला. डोकं धरायला जागा नाही, मान कशात रुतलेली नाही, मग आवळणार काय? "घाण्याला जुंपल्यागत दोघं आपले गोल गोल," मला सांगताना हसल्या, पण चेहरा पांढराफटक होता. तेवढ्यात सून बाळाला घेऊन आतून आली. सासू पाना घेऊन माळ्याच्या बोल्टाशी. संध्याकाळी नवऱ्याला तिनं सांगितलं, "आई माळा खिळखिळा करतायत."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पाना घेऊन आल्या, तेव्हा पुतण्यानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. आयुष्यभर ज्या बाईनं पानेच विकले, तिच्या हातातून.

मग त्यांनी लाकडाचा एक टेकू आणून कोपऱ्याखाली उभा केला. गिऱ्हाइकांना आडवा येतो म्हणून पुतण्यानं तो अंगणात फेकला. मी बोलून पाहिलं. "अरे, एकदा बोल्ट बदलून टाक ना. आईचं समाधान."

"काकू, आज बोल्ट बदलायचे, उद्या खुर्ची बदलायची, परवा बायको," तो म्हणाला. "आणि माळा रिकामा करून माल ठेवू कुठं? तुमच्या हॉलमध्ये?" पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी आले.

ते भांडण झालं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होते. जाऊबाई तरातरा आत गेल्या आणि चढ्या आवाजातच सुरुवात केली. दुकानात केर आहे. गिऱ्हाइकाशी दात काढून बोलतेस. पोराला लोखंडात निजवतेस, आई आहेस की कोण? सून म्हणाली, "तुम्हाला काय हवंय ते सरळ सांगा ना."

"सरळ? सरळ तुमच्या घराण्याला ठाऊक तरी आहे का? बाप टाकून गेला तो उगीच नाही गेला. घर धरून ठेवणं तुमच्या रक्तातच नाही. त्याला एकट्याला कळलं, आमच्या पोराला कळलं नाही."

रस्त्यावरचं माणूस थांबलं. सुनेच्या तोंडावरचा रंग उडाला. रडली नाही. वाकून टोपली उचलली, बाळाची दुपटी खांद्यावर टाकली आणि माझ्या अंगावरून, मला न पाहता, पायरी उतरून गेली. तशीच माहेरी.

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि जाऊबाई खुर्चीत बसल्या. माझ्या डोक्यात संताप गेला. "वहिनी, मिळवलीत एकदाची खुर्ची! जिभेला काही हाड?" म्हणत मी आत शिरले.

"तिथंच थांब!" त्या ओरडल्या. "माळ्याखाली येऊ नकोस."

मी थांबले. त्या माळ्याखाली बसल्या होत्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, मान थोडी खाली घातलेली, जसं पावसाच्या पागोळीखाली माणूस बसतं.

"खरं सांगून हलली नाही ती," त्या म्हणाल्या. "खरं सांगायला लागले की मी सासू व्हायचे. म्हटलं, मग सासूच होते."

"मग आता तुम्ही तरी उठा."

"खुर्ची रिकामी राहिली तर उद्या तो समजूत काढून आणेल तिला. मी बसलेय तोवर ती पाय ठेवणार नाही."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. पुतण्या आईशी बोलेना. गल्ली म्हणाली, पोराचा संसार मोडून म्हातारी गादीवर बसली. जाऊबाई गिऱ्हाइकांना आत येऊ देत नसत. "तिथूनच सांग काय हवं ते," म्हणायच्या आणि माल हातानं दारापर्यंत आणून द्यायच्या. गिऱ्हाइकं एकमेकांकडे पाहून डोक्याशी बोट फिरवायची. काचेवरची भुकटी त्या पुसत नसत. रोज तिच्यात बोट ओढून पाहायच्या, किती जाड झाली ते. मी दारात स्टूल टाकून बसायची. आम्ही भाज्यांचं, दुखण्याखुपण्याचं बोलायचो. मध्येच टक् व्हायचं आणि दोघींची नजर वर.

मग मालाची दुसरी गाडी आली. पुतण्या पोती माळ्यावर चढवायला लागला. जाऊबाई म्हणाल्या, "नको रे." तो शिडी चढला. "बाळा, तुझ्या पाया पडते, नको." तो वर उभा राहून पोती सरकवत होता, खाली पाहतही नव्हता. मी दारातून ओरडले, "अरे, ऐक जरा आईचं!" तो म्हणाला, "काकू, तुम्ही मध्ये पडू नका."

मी तरीही माळ्याच्या कडेपर्यंत आत गेले. कोपऱ्यातला बोल्ट मला स्वच्छ दिसत होता. मागचा नट कधी गळून पडला कुणास ठाऊक. ते गुळगुळीत, चकचकीत डोकं पट्टीपासून सुटं झालं आणि हळूहळू बाहेर सरकायला लागलं. आवाज नाही, काही नाही. बिळातून काहीतरी डोकावावं तसं. जाऊबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

त्या उठून दाराकडे पळाल्या असत्या तर सुटल्या असत्या. माळ्याखालून निघायला चार पावलं पुरली असती. पण वर पोरगा होता. त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात वर करून त्यांनी तो कोपरा धरला. लोखंड आणि त्यावरचा सगळा माल, हातांनी.

पुतण्या भिंतीच्या खणांना लोंबकळला, म्हणून वाचला. त्याला खरचटलंदेखील नाही. जाऊबाईंना बाहेर काढायला गल्लीतली सगळी माणसं लागली. त्यात तो प्लंबरही होता.

कंबर मोडली आणि पाय कायमचे गेले. डॉक्टर म्हणाले, जीव राहिला हेच खूप.

सून लगेच आली. नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं, टकल्यांचं, मानेचं, आई का भांडली त्याचं; ते त्याला माझ्याकडून कळलं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घेत सांगितलं म्हणे. जाऊबाई पलंगावर सपाट पडलेल्या. सून पलंगाशी उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज शांत.

"आई, मला तिथून घालवायला भांडलात ना?"

जाऊबाईंनी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"म्हणजे वडिलांचं जे बोललात, ते खोटं. म्हणायचं म्हणून म्हटलंत."

एक हो म्हणायचं होतं, बस. मी मनात म्हणत होते, म्हणा, वहिनी, म्हणा. जाऊबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सुनेनं पांघरूण नीट केलं आणि पाणी आणायला गेली.

"हो म्हणायला तुमचं काय जात होतं?" ती गेल्यावर मी चिडून विचारलं.

"खोटं खोटं भांडायला गेले होते गं," जाऊबाई भिंतीलाच म्हणाल्या. "वाटलं होतं, शोधावे लागतील शब्द. एकही शोधावा लागला नाही. सगळे तयार होते. आणि तिनं ते ओळखलंय. परत खोटं बोलून काय करू?"

आता सून घरी आहे. दुकानात पुतण्या एकटा असतो. माळा नाही, खुर्ची नाही. घरी सून जाऊबाईंचं सगळं करते, आणि निगुतीनं करते. वेळेवर भरवते, कूस बदलते, पाठ पुसते, चादरीला सुरकुती राहू देत नाही. गल्लीत नाव निघतं, अशी सून शोधून मिळायची नाही. बाळ आता चालतं. आजीच्या दाराशी आलं की ती त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवते. न रागावता. जाऊबाईंशी ती बोलत नाही. भांडण नाही, अबोला धरलेला नाही, नुसतं बोलत नाही. आई म्हणत नाही. चमचा तोंडाशी आला की तोंड उघडायचं, एवढंच.

काल मी गेले होते. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. पायांतला जोर गेला, पण बोटांतला गेलेला नाही, आयुष्यभर नट फिरवलेली बोटं ती. "थोडी बस ना," म्हणाल्या. "आज राहतेस का इथं?"

दारात सून वाटी घेऊन उभी होती. कधी आली, मला कळलं नव्हतं. चेहऱ्यावर हसू, अगदी गोड.

"काकू, तुम्ही जा निवांत," ती म्हणाली. "मी आहे ना."

तिनं पुढं होऊन माझ्या मनगटावरचं जाऊबाईंचं एकेक बोट सोडवलं, हळुवार, बाळाचं सोडवावं तसं. मी बाहेर येऊन चपला घातल्या. मागं दार लागलं. मग आतून कडीचा आवाज आला.